रशियाचं तेल घेतलं म्हणजे कणा आला?

खारावारा: काल एका महाशयांनी लिहिलं की रशियाचं तेल घेऊन आपण अमेरिकेला जागा दाखवली, आता आपण कुणाच्या बापाला भीत नाही. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय. अहो, २०२२ आधी रशियाकडून आपण जेमतेम २ टक्के घ्यायचो, नंतर ते एकतृतीयांशाच्या आसपास गेलं, ते काय मैत्रीखातर? युक्रेन युद्धापायी युरोपने पाठ फिरवली, माल स्वस्त झाला, आपण गिऱ्हाईक झालो, विषय संपला. कणा एवढाच ताठ होता तर मे २०१९ ला इराणचं तेल का सोडलं? इराण जवळचा, उधारी द्यायचा, रुपये घ्यायचा. वॉशिंग्टनने इराणवरच्या निर्बंधांतून दिलेली सवलत काढली आणि आपण मुकाट नळ बंद केला.

खवट_पुणेकर: तेव्हा इराक, सौदी होते म्हणून सोडलं, याला व्यवहार म्हणतात. २०२५ च्या ऑगस्टात ट्रम्पने याच तेलापायी आपल्या मालावरचं टॅरिफ (आयातशुल्क) २५ टक्के वाढवून ५० वर नेलं, तरी दुसऱ्या दिवशी टँकर परत पाठवले का आपण?

खारावारा: नाही पाठवले. पण ते ५० टक्के तुम्ही नाही भरले. माझ्या मेव्हण्याचं सोलापुरात टॉवेलचं युनिट आहे, अमेरिकेची ऑर्डर अडकली, दोन महिने कामगारांना अर्धा पगार. स्वस्त तेलाचा फायदा पेट्रोल पंपावर त्याला काही मिळाला नाही.

अम्मानमार्गे: तुम्ही दोघं भांडा. १९९० ला सद्दामच्या इराकने कुवेत गिळला तेव्हा बाबा तिथे होते. बसने जॉर्डनचं अम्मान, तिथून एअर इंडिया, हातात एक पिशवी. असे पावणेदोन लाख लोक आले. त्यासाठी तेव्हाचे परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला जाऊन सद्दामच्या गळ्यात पडले, तो फोटो बघून जग हसलं, आमची आई नाही हसली. आणि गंमत बघा, इराक-कुवेतचं तेल तुटलं, भाव भडकले, डॉलर संपले, नाणेनिधीच्या दारात जायची वेळ आली आणि जानेवारी ९१ ला त्याच सद्दामवर निघालेल्या अमेरिकेच्या विमानांना आपण मुंबईत इंधन भरू दिलं. पाच महिन्यांत! बोंबाबोंब झाल्यावर बंद केलं म्हणा.

खवट_पुणेकर: हे माहीत नव्हतं. बरं, मानलं. पण आता विशाखापट्टणम, मंगळुरू, पादूरला अडीअडचणीसाठी तेलाचे साठे आहेत की.

खारावारा: पूर्ण भरले तरी साडेनऊ दिवसांचे. आखाताचं तेल जिथून येतं ती होर्मुझची सामुद्रधुनी दहा दिवस बंद पडली तर अकराव्या दिवशी काय, आरती करायची?

स्कूटरवाली: म्हणूनच २० टक्के इथेनॉल घातलेलं ई-२० पेट्रोल आणलं ना, आयात कमी करायला! माझ्या २०१६ च्या स्कूटरचं ॲव्हरेज ४५ वरून ३९ वर आलंय, दर मात्र तोच. देशभक्ती माझ्याच टाकीतून का?

ऊसकरी: ताई, तुमच्या ॲव्हरेजवर देश चालत नाही. इथेनॉलमुळे आमची बिलं वेळेवर यायला लागली होती. तर ७ डिसेंबर २०२३ ला सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉलच बंद केलं, कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या टाकल्यानंतर! नंतर सैल केलं, पण तो हंगाम गेला तो गेलाच. अरबाला डॉलर द्यायला चालतात, आम्हाला द्यायचं म्हटलं की साखरेचे भाव आठवतात.

स्कूटरवाली: माझं माहेर लातूरचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं आम्हाला, आणि पाणी पिणारा ऊस तेव्हाही होता. तेलासाठी सौदीपुढे वाकू नये म्हणून प्यायच्या पाण्यासाठी कारखानदारापुढे वाकायचं?

ऊसकरी: मग साखर खाणं सोडा आधी.

स्कूटरवाली: डायबेटिस आहे मला, कधीच सोडली.

खारावारा: अरे धागा इराण-रशियाचा आहे!!

खवट_पुणेकर: होता.