व्हर्लँडरचा उत्तरार्ध: श्रेय खेळाडूचे की ह्यूस्टनचे?

जुना स्कोअरर

३१ ऑगस्ट २०१७ च्या मध्यरात्रीची मुदत संपायला काही क्षण उरले असताना बेसबॉलमधला पिचर (चेंडू टाकणारा) जस्टिन व्हर्लँडर याने डेट्रॉइट टायगर्स संघ सोडून ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजकडे जाण्यास होकार दिला. अशा अदलाबदलीला नकार देण्याचा हक्क त्याच्या करारातच होता, त्यामुळे निर्णय सर्वस्वी त्याचा होता. वय ३४. त्या मोसमात डेट्रॉइटकडून त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे (सामना नऊ इनिंगचा) पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली, ३.८२ होता, ह्यूस्टनकडून नियमित मोसमातले जे पाच सामने त्याला मिळाले, त्यांत तो १.०६ वर आला आणि पाचही विजय त्याच्या नावावर लागले. पुढे यांकीजविरुद्धच्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०१९ मध्ये त्याने दुसरा साय यंग पुरस्कार (वर्षातील सर्वोत्तम पिचरचा मान) मिळवला, आणि २०२० मधील कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२१ चा मोसम पूर्ण गमावल्यावर ३९ व्या वर्षी १८ विजय, ४ पराभव आणि १.७५ ईआरए अशी कामगिरी करून एकमताने तिसरा.

माझ्या मते यातला मोठा वाटा संघाचा आहे. ह्यूस्टनने अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रफीत त्याच्यासमोर ठेवली, चेंडू सोडताना बोटे नेमकी कशी फिरतात हे दाखवले, आणि त्यातून त्याचा स्लायडर, म्हणजे वेगात येऊन बाजूला वळणारा चेंडू, सुधारला. शिवाय त्यांनी त्याला जपून वापरले. २०११ मध्ये, पहिल्या साय यंगच्या वर्षी, डेट्रॉइटने त्याच्याकडून ३४ सामन्यांत २५१ इनिंग करून घेतल्या होत्या. २०२२ मध्ये ह्यूस्टनने २८ सामन्यांत १७५. सामन्यामागे एक इनिंगहून अधिक भार कमी झाला, तर ईआरए सुधारण्यात नवल काय?

डेट्रॉइटचा भाडेकरू

आपल्या मांडणीत २०१६ हे वर्षच नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळा वाद तिथेच संपतो. जानेवारी २०१४ मध्ये त्याच्या पोटाच्या स्नायूंवर शस्त्रक्रिया झाली, त्या मोसमात ईआरए ४.५४ वर गेला, आणि तेव्हा अनेकांनी त्याला निवृत्तीच्या रांगेत उभे केले. पण २०१६ मध्ये, डेट्रॉइटमध्येच, त्याने २५४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) घेतले आणि ३.०४ ईआरए राखला. साय यंगच्या मतदानात रिक पोर्सेलोला पहिल्या पसंतीची ८ मते होती आणि व्हर्लँडरला १४. तरीही एकूण गुणांवर पोर्सेलो जिंकला. (हा सल अजून गेलेला नाही, हे मान्य करतो.) म्हणजे ह्यूस्टनने मोडीत निघालेला पिचर दुरुस्त केला नाही, दुरुस्त होऊन आलेला विकत घेतला. पाच सामन्यांच्या १.०६ वरून तर कोणताही निष्कर्ष काढू नये.

तटस्थ पंच

दोघेही मुख्य गोष्ट टाळत आहात. जानेवारी २०२० मध्ये मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल लीगने, आपल्या चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला: २०१७ मध्ये ह्यूस्टनचा संघ कॅमेऱ्याने प्रतिस्पर्धी कॅचर (चेंडू पकडणारा) पिचरला करत असलेल्या खुणा टिपत होता आणि कचऱ्याचा डबा बडवून आपल्या बॅटरला पुढचा चेंडू कोणता ते कळवत होता. महाव्यवस्थापक जेफ लुनाव आणि व्यवस्थापक ए. जे. हिंच यांचे वर्षभरासाठी निलंबन झाले, संघाला ५० लाख डॉलर दंड झाला. अशा संघातल्या यशाचे श्रेय कोणाला द्यायचे, यावर आपण इतक्या गांभीर्याने चर्चा करावी का?

डेट्रॉइटचा भाडेकरू

डबा बडवून पिचरचा चेंडू वेगवान होत नाही. त्या लबाडीने बॅटरांना धावा मिळाल्या. त्यामुळे विजयांचा आकडा फुगला असेल, हे मी मान्य करीन, पण ईआरए आणि स्ट्राइकआउट त्यातून येत नाहीत.

तटस्थ पंच

ठीक, मग चेंडूला लावल्या जाणाऱ्या चिकट पदार्थांविषयी बोलू. ह्यूस्टनच्या पिचरांच्या चेंडूची फिरकी अचानक वाढते, ही कुजबुज कित्येक वर्षे होती.

जुना स्कोअरर

इथे मात्र मला व्हर्लँडरची बाजू घ्यावी लागेल. त्या पदार्थांवरील तपासण्या जून २०२१ मध्ये कडक झाल्या, तेव्हा तो शस्त्रक्रियेनंतर घरी होता. तो परतला तो पंचांनी पिचरचे हात आणि टोपी तपासण्याच्या काळात, आणि त्याच वर्षी त्याने पूर्ण मोसमाचा कारकिर्दीतला सर्वांत कमी ईआरए दिला. खरा आक्षेप वेगळा आहे. २०१९ मध्ये चेंडू विलक्षण लांब जात होता, लीगमध्ये विक्रमी ६,७७६ होमरन (थेट मैदानाबाहेर गेलेले फटके) झाले आणि व्हर्लँडरनेही ३६ दिले. २०२२ मध्ये लीगचा आकडा ५,२१५ वर आला आणि त्याचा १२ वर. त्या वर्षी चेंडूनेच सर्व पिचरांना हात दिला होता.

डेट्रॉइटचा भाडेकरू

लीगचे होमरन चौथ्या हिश्श्याहून कमी प्रमाणात घटले, त्याचे दोन तृतीयांश. उरलेला फरक कोणाचा?

डावखुरा

मला प्रवीण तांबे आठवला. मुंबईचा हा लेगस्पिनर ४१ व्या वर्षी, २०१३ मध्ये, राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये उतरला आणि पुढच्याच वर्षी त्याने कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक घेतली. नव्या संघाचा विश्वास मिळाला की वय मागे पडते.

जुना स्कोअरर

तुलना मनाला भावते, पण जुळत नाही. तांबेला चाळिशीपर्यंत दारच उघडले नव्हते. व्हर्लँडर ह्यूस्टनला आला तेव्हा त्याच्या घरी साय यंग आणि सर्वोत्तम खेळाडू, असे एकाच वर्षाचे दोन्ही मान होते. मूळ मुद्द्याबाबत, २०१६ मी वगळले ही चूक झाली. कमी इनिंगचा मुद्दा मात्र सोडत नाही.

डेट्रॉइटचा भाडेकरू

तो सोडू नका, फक्त २०२३ चा मोसमही शेजारी ठेवा. तो न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, म्हणजे ह्यूस्टनची प्रयोगशाळा मागे राहिली, आणि वयाच्या ४० व्या वर्षी तिथल्या १६ सामन्यांत त्याचा ईआरए ३.१५ होता. १ ऑगस्टला मेट्सने त्याला ह्यूस्टनला परत दिले. त्यानंतर त्या मोसमात तिथे तो ३.३१. प्रयोगशाळेत परतल्यावर आकडा थोडा वाढला.

आणि २०२२ ची जागतिक मालिका (मेजर लीगच्या विजेतेपदाची अंतिम मालिका), पाचवा सामना, फिलाडेल्फिया. तोवर जागतिक मालिकेत त्याच्या नावावर एकही विजय नव्हता, पराभव सहा होते, आणि याच मालिकेच्या पहिल्या सामन्यात त्याने पाच धावांची आघाडी घालवली होती. पाचव्या सामन्यात फिलीजच्या पहिल्याच बॅटरने, काइल श्वारबरने, होमरन मारला. नंतर पाच इनिंग पूर्ण होईपर्यंत व्हर्लँडरने दुसरी धाव दिली नाही. पाचव्या इनिंगमध्ये ब्राइस हार्पर दुसऱ्या बेसवर उभा असताना निक कास्टेलानोसला दहा चेंडू टाकावे लागले. दहाव्यावर त्याचा झेल गेला. ह्यूस्टन ३-२ ने जिंकले. ते दहा चेंडू पाहून जुन्या स्कोअररांनी सांगावे, त्यातले कॅमेऱ्याच्या खात्यावर किती लिहायचे.