अनुभव धागा : डोंगरातला वणवा तुम्ही कसा पाहिलात?

होळीच्या आसपास आपल्याकडचे डोंगर पेटायला लागतात. अजिंठ्याची रांग, बालाघाट, किनवट-माहूरचं जंगल, सगळीकडं तेच. आग लागली एवढं सगळे सांगतात. ती कुठून कुठं सरकली, कशानं अडली, हे कुणी लिहून ठेवत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांनी तपशिलात लिहा. आग कुणी लावली त्याचं नाव मात्र नको.

कन्नड तालुक्यातून
आमचं शेत गौताळा अभयारण्याच्या पायथ्याला. दुपारी वाळल्या कुसळीत आग माणसाच्या पुढं पळते, चढावर तर जास्तच, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. रात्री वारा पडला की तीच आग सागाच्या पाचोळ्यातून वीतभर उंचीनं रांगत उतरते. लोक म्हणतात, विझेल आपोआप. मला या रांगणाऱ्या आगीचीच जास्त भीती वाटते.

त्या रात्री आम्ही बांधावरून खुणा धरल्या: आधी मोठी सालई, मग घळ, मग पायवाट. सालईपासून घळीपर्यंत यायला किती वेळ लागला ते वनरक्षकदादांना फोनवर कळवलं. त्यावरून त्यांनी पायवाटेलगतचा पाचोळा ओढून मोकळा पट्टा केला, हिरव्या डहाळ्यांनी कड झोडपली आणि आग तिथंच अडली. पण दुसऱ्या दुपारी वारा सुटला, अन् एका पोकळ धावड्याच्या बुंध्यातून ठिणग्या पट्ट्यापलीकडं उडाल्या. पुन्हा धावपळ. आता आमच्या वस्तीवर आग विझली तरी दुसऱ्या दिवशी ऊन उतरेपर्यंत कुणीतरी राखणीला बसतंच.

किनवटहून
मार्च-एप्रिलात मोहाची फुलं गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि तिथून आग जंगलात शिरते. माझी आजी पाला झाडून बाजूला करायची, काही बाया आता जुनं लुगडं अंथरतात. सगळा दोष मोह वेचणाऱ्यांवर टाकू नका. नवं गवत जोमानं फुटावं म्हणूनही लावतात, आणि रस्त्याकडेला बिडीचं थोटूक पुरतं.

येडशी, धाराशिव
मी नासाच्या 'फर्म्स' नकाशावर (उपग्रहांनी टिपलेल्या आगी त्यावर ठिपक्यांनी दिसतात) रामलिंग घाटाचा भाग बघत असतो. तिथला लाल ठिपका म्हणजे नेमकी जागा नव्हे. उपग्रहांवरच्या व्हीआयआयआरएस या आग टिपणाऱ्या उपकरणाचा एक चौकोन ३७५ मीटरचा, आग त्यात कुठंही असू शकते. हे उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात, म्हणजे संध्याकाळी पेटलेलं बहुधा मध्यरात्रीनंतरच कळतं. कन्नडच्या दादांनी सांगितलेली पाचोळ्यातली आग तर झाडीखाली पुष्कळदा सुटूनच जाते. म्हणून मी आधी गुराख्यांना फोन करतो, नकाशा नंतर.

नायगाव परिसर, पाटोदा
रातवा पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, उन्हाळ्यातच. पिल्लांना उडता येत नाही, त्यामुळं हळू येणारी आगही त्यांना गाठते. जळालेल्या उतारावर मी ती फुटलेली टरफलं पाहिली आहेत.

कन्नडहून पुन्हा
येडशीकर, गुराख्यांचं अगदी खरं. आमच्याकडं त्यांच्या फोनमध्ये वनविभागाचा १९२६ हा क्रमांक साठवून दिलाय. घाटाखालच्या वाड्यांचं काम राहिलंय, ते या आठवड्यात करतो.