बर्गनमध्ये आईला घेऊन चार दिवस: मदत हवी आहे

जूनमध्ये आईबरोबर नॉर्वेतल्या बर्गनला चाललोय. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात, पण जुन्नरकडची. डोंगर दिसला की तिला राहवत नाही. फ्लोयेन डोंगरावर फ्युनिक्युलर रेल्वेने (चढावर तारेने ओढली जाणारी गाडी) जाता येतं, सुमारे ३२० मीटर, त्यामुळे ते नक्की. माझा जीव मात्र अडकलाय ६४३ मीटरच्या उल्रिकेन डोंगरामध्ये. केबल कारने वर जाऊन पठारावरून फ्लोयेनपर्यंत चालत यायचं, पाच-सहा तास. तेवढा वेळ आईने ब्रिगेन या जुन्या धक्क्यावरची लाकडी घरं आणि मासळीबाजार निवांत बघावा, असं मनात आहे. पण बर्गनचा पाऊस! धुक्यात ती वाट एकट्याने करावी का? शिवाय फ्योर्डमधली (डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची खाडी) दिवसभराची बोट आईला झेपेल का? कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर कृपया सांगा.