मेलेला पाणघोडा कापून खाणाऱ्याला अडाणी म्हणायचं का?

नदीकाठ

अँथ्रॅक्सची, म्हणजे आपल्याकडच्या फाशी रोगाची, बातमी कुठूनही येवो, खाली एक प्रतिक्रिया ठरलेली असते: "मेलेलं जनावर खाल्लं, मग दुसरं काय होणार? लोकांना शिकवा." मला हे पटत नाही. का पटत नाही, ते झांबियाच्या उदाहरणावरून सांगतो.

२०११ साली लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात, चामा जिल्ह्यात पाणघोडे मरायला लागले. ८५ मेले. त्या सप्टेंबरात माणसांमधल्या ५११ रुग्णांची नोंद झाली, ५ जण दगावले. साथीनंतर तपास पथकानं गावोगाव घरी जाऊन २८४ जणांना विचारलं. साथीच्या आधी पाणघोड्याचं मांस खाल्लेले निघाले ८४ टक्के. "पुन्हा मेलेला पाणघोडा सापडला तर खाल का?" याला २३ टक्के लोक "हो" म्हणाले. का, असं विचारल्यावर त्यातल्या ७३ टक्क्यांचं उत्तर होतं, अन्न पुरत नाही.

हा वन्यजीवांसाठी राखलेला टापू. माणसं तिथेच राहतात, पण शिकार मनाला येईल तशी करता येत नाही. अशा जागी टन-दीड टनाचं जनावर फुकट नदीकाठाला लागलंय. शेजारपाजारच्यांच्या हातावरचे काळे व्रण बघूनही जो माणूस "हो" म्हणतो त्याला माहिती कमी पडलेली नाही, पीठ कमी पडलंय. पत्रकं छापायचा खर्च वाचवा. टंचाईच्या महिन्यांत धान्य पोचवा, आणि मेलेलं जनावर न कापता कळवणाऱ्याला त्याबदल्यात खायला द्या.

गोठ्यातला डॉक्टर

मी गुरांचा डॉक्टर, पाणघोडा पाहिला तो राणीच्या बागेत. पण हा जंतू गाय, हरीण, पाणघोडा असला भेदभाव करत नाही.

जनावर न फोडता तसंच राहिलं तर आतल्या आत कुजताना बहुतेक जंतू मरून जातात. सुरी लागली, रक्ताला हवा लागली की त्यांचे बीजाणू, म्हणजे जंतूंची कवचातली चिवट रूपं, बनतात आणि ते मातीत कित्येक दशकं तग धरतात. म्हणून आमचा पहिला धडा असा: जनावर अचानक मेलंय, नाकातून किंवा शेणाच्या वाटेनं काळसर, न गोठणारं रक्त येतंय, तर चिरफाड करायची नाही. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचं आणि हात बाजूला.

नदीकाठ यांच्या हिशेबात हेच राहिलंय. भुकेला माणूस स्वतःच्या जिवाचा जुगार खेळतो, ते समजू शकतो. पण त्याच सुरीनं तो ते कुरण पुढच्या पिढीच्या गुरांसाठीही नासवतो. हा त्याचा एकट्याचा निर्णय कसा?

अनघा_ठाणे

आकडे उलटे धरून वाचलेत तुम्ही. २३ टक्के "हो" म्हणाले, म्हणजे पाऊणएक लोकांनी होकार दिला नाही. भूक तर सगळ्यांच्याच घरी होती ना? मग या पाऊण लोकांना कशानं थांबवलं? साथ पाहिली, आजार कुठून येतो ते कळलं, म्हणून. याला मी शिकवण्याचं यश म्हणेन.

नदीकाठ

अनघाताई, दारात येऊन वहीत लिहून घेणाऱ्या पाहुण्याला "हो, पुन्हा खाईन" असं तोंडावर सांगायला धाडस लागतं. जनगणनेला आलेल्या बाईंना आपल्याकडे किती लोक खरं उत्पन्न सांगतात? त्यामुळे २३ हा मला कमीत कमी आकडा वाटतो.

आणि ५११ मध्ये ५ मृत्यू म्हणजे शंभरात एक. बहुतेक रुग्ण प्रतिजैविकांनी बरे झाले. हे त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. एका बाजूला शंभरात एक, दुसऱ्या बाजूला रिकामी चूल. मला तरी हा अडाण्याचा हिशेब वाटत नाही.

डॉक्टरसाहेब, तुमच्या सुरीबद्दल: तिथे माणसानं हात लावला नाही तरी तरस, मगरी, गिधाडं आहेतच. याच लुआंग्वात १९८७ च्या साथीत हजारो पाणघोडे मेले. ते सगळे काय माणसांनी कापले?

गोठ्यातला डॉक्टर

तरसानं फोडलेला पाणघोडा नदीकाठीच राहतो. माणूस मांस गावात आणतो, वाटे घालतो. त्या पाहणीतच आहे की मांस खाणं, वाहून नेणं आणि निवडून-चिरून रांधणं, तिन्हींचा आजाराशी संबंध दिसला. म्हणजे जिनं घासही घेतला नसेल पण पाटी डोक्यावरून आणली, ती बाईसुद्धा यात आली. तुमचा "शंभरात एक" हा हिशेब करताना तिला कोणी विचारलं होतं?

आणि शंभरात एक हा औषध वेळेवर मिळाल्यावरचा आकडा. कातडीवरचा फाशी उपचाराविना सोडला तर शंभरातले दहा-वीस जातात. पोटातला त्याहून वाईट. भूक हेच मूळ असंही मी मानत नाही. सायबेरियात यमाल द्वीपकल्पावर १९४१ नंतर रोग दिसला नाही म्हणून २००७ मध्ये रेनडिअरना लस टोचणं थांबवलं. २०१६ चा उन्हाळा भयंकर तापला, गोठलेली जमीन वितळली, दोन हजारांवर रेनडिअर मेले आणि एक १२ वर्षांचा मुलगा गेला. तिथे कोणी उपाशी नव्हतं, लस बंद होती. लस काही नवी नाही, १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्ननं केलेलीच आजही जगभर चालते. दरवर्षी टोचायची, एवढंच.

तात्या_नगरवाले

पाणघोड्याला टोचायला कोण जाणार, तुम्ही?

बाकी "मेलेलं जनावर दाखवा, धान्य न्या" ही योजना कागदावर झकास आहे. आमच्याकडे छावण्यांत कागदावरची गुरं चारा खाऊन गेली, हे विसरलात का? तिथे तर महिन्याभरात धडधाकट पाणघोडेही मरायला लागतील.

बांधावरून

ही चर्चा मराठीत चाललीय आणि अजून महाड कोणाच्या तोंडी आलं नाही, याचं नवल वाटतं.

मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, असं सांगितलं. जंतूंसाठी नाही, ताठ मानेनं उभं राहण्यासाठी. माझ्या आजीकडून चान्यांबद्दल ऐकलंय, पडाचं मांस वाळवून ठेवलेलं. तिच्या सासूनं ते घरातून कायमचं बंद केलं. त्या वर्षी घरात धान्य वाढलं होतं म्हणून नव्हे, पोट तेवढंच रिकामं होतं. त्यामुळे "आधी धान्य द्या, मग शहाणपण येईल" हे ऐकलं की मला राग येतो. गरिबाला फक्त पोट असतं असं धरून चालणं आणि त्याला अडाणी म्हणणं, यात मला फारसा फरक दिसत नाही.

अनघा_ठाणे

बांधावरून, +१. मला हेच म्हणायचं होतं, मी आकड्यांत अडकले.

नदीकाठ

बांधावरून, तुमचं म्हणणं मनाला लागलं, पण त्याच परिषदेचे बाकीचे ठराव बघा. सवर्णांनी आपली मेलेली जनावरं स्वतः पुरावीत, असं तिथे म्हटलं होतं. सरकारकडे सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण मागितलं, वसतिगृहांना मदत मागितली. "सोडा" हा शब्द एकटा नव्हता. सोडणाऱ्यांच्या मागे एक चळवळ होती आणि उद्या काय हातात येईल याचं चित्र होतं. चामाच्या माणसाला फक्त "सोडा" सांगितलं जातंय, तेही बाहेरून आलेल्या गाडीतून.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात लोकांना काय खाऊ नये याची भाषणं दिली नाहीत. खडी फोडायची कामं काढली, सुकडी वाटली.

बांधावरून

खडी आमच्याच लोकांनी फोडली, ठाऊक आहे. ते काम मागून, मोर्चे काढून मिळालं, कोणी दयेनं दिलं नाही. चामातही मागणारे असतील. त्यांना काय हवं ते आधी विचारा, तुमचं धान्य नंतर.

गोठ्यातला डॉक्टर

तात्या, पाणघोड्याला कोणीच टोचत नाही. टोचायची ती आसपासची गुरं. कोरड्या महिन्यांत पाणघोडे उरल्यासुरल्या डोहात गर्दी करतात, गवत मुळापर्यंत खातात, मातीसकट. ते आपल्या हातात नाही. गुरं आणि माणसं आहेत.

जाता जाता एक. मेलेलं जनावर खोल पुरून वर चुना टाका, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. आता चुन्यातल्या कॅल्शियमनं बीजाणूंना टिकायला मदतच होत असावी, अशी शंका तज्ज्ञ घेतात. जाळणं उत्तम. पण ८५ पाणघोडे जाळायला लाकूड किती लागेल, याचा अंदाज नदीकाठ यांनी करावा.

आणि झांबियाचीच पुढची गोष्ट. २०२३ मध्ये दक्षिणेत सिनाझोंग्वे जिल्ह्यात रानम्हशींच्या मेलेल्या धडांपासून लोकांना फोड आले. नोव्हेंबरपर्यंत दहापैकी नऊ प्रांतांत संशयित रुग्ण आणि ४ मृत्यू. नऊ प्रांतांत तुमची पोती कोण पोचवणार?

नदीकाठ

गुरांना टोचायला तुमची गाडी प्रत्येक गावात जाणारच आहे ना? त्याच गाडीत चढवा.

गोठ्यातला डॉक्टर

गाडी म्हणजे एक जीप. मागे लशीची बर्फपेटी, दोन ड्रेसर आणि स्टेपनी. पोती टपावर बांधावी लागतील, आणि दोरी तुमची.