मदत हवी आहे: १ ते ९ अंकांचं भागाकाराचं कोडं, ७ ला येऊन अडलंय

नमस्कार मंडळी. अहमदपूरजवळच्या खेड्यातून लिहितोय. पुतणी नववीत आहे, तिला एक जुनं कोडं घातलं. १ ते ९ अंक एकेकदाच वापरून नऊ अंकी संख्या करायची. तिच्या पहिल्या दोन अंकांना २ ने, पहिल्या तिनांना ३ ने, असं करत अख्ख्या संख्येला ९ ने निःशेष भाग गेला पाहिजे.

वहीवर बरंच पुढं आलोत. पाचव्या जागी ५ च, कारण शून्य नाही. दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा समांची, बाकीच्या विषमांच्या. ९ ची काळजी नाही, सगळ्यांची बेरीज ४५ च येते. पहिल्या तिनांना ३ ने भाग जातो, पहिल्या सहांनाही जातो, म्हणजे मधल्या तिनांची बेरीजही ३ च्या पाढ्यात हवी. तिसरा अंक विषम, म्हणून चौथा २ किंवा ६. त्यावरून मधले तीन अंक २५८ नाहीतर ६५४. हे पोरीनं स्वतः काढलं, मला सुचलं नव्हतं. मग ८ ची कसोटी लावली आणि दहाच संख्या उरल्या. १४७२५८९६३ आहे, ३८१६५४७२९ आहे, चक्क ९८७६५४३२१ पण आहे!

आता ७. ती विचारते, "काका, सातलाच कसोटी कामून नाही?" दहा लांबलचक भागाकार न करता काही मार्ग आहे का?

दुसरं म्हणजे, मोबाईलवर पायथनमध्ये प्रोग्राम लिहिलाय. सगळ्या ३,६२,८८० मांडण्या घेतो, शेवटचे अंक काढायला १०, १००, १००० ने भागतो आणि बाकी शून्य आहे का बघतो. भागायला / हे चिन्ह आहे. एरर नाही, पण उत्तरही नाही. दोन रात्री गेल्या. कुठं चुकतंय?

प्रतिसाद १:
दादा, चूक त्या चिन्हातच आहे. पायथन ३ मध्ये / दिलं की दशांश येतो. ३८१६५४७२९ ला १०० ने भागलं की ३८१६५४७.२९, मग ७ ने बाकी शून्य कशी येणार? // असं दोनदा द्या, पूर्णांकच राहील.
७ साठी १००१ लक्षात ठेवा, तो ७ × ११ × १३ आहे. पहिल्या सात अंकांचे उजवीकडून तीन-तीनचे गट पाडा आणि एक आड एक वजा-अधिक करा. १४७२५८९ चं ५८९ − ४७२ + १ = ११८, बाकी ६, बाद. ३८१६५४७ चं ५४७ − ८१६ + ३ = −२६६, म्हणजे ७ × (−३८). हेच उत्तर.

धागाकर्ता:
लई आभार! // टाकलं आणि एकच ओळ आली, ३८१६५४७२९. पण पोरीला स्क्रीनवरचं पुरलं नाही, दहाही संख्या वहीत तपासल्या. ९८१६५४३ ला −२६४ आलं तिथं ती थांबली, उण्याची बाकी कशी काढायची म्हणून. मग स्वतःच म्हणाली, −२६६ पाढ्यात आहे, त्याच्यापुढं दोन, बाकी २. लांब भागाकार करून पडताळलं. २ च आली.