प्रतिसाद: दुहेरी कपातीला इलाज आहे

"परदेशी पोस्टिंगवर पेन्शनची कपात दोन्हीकडे होतेच, इलाज नाही," असं वर लिहिलंय, म्हणजे भारतातही आणि तिथेही. अमेरिकेपुरतं ते खरं आहे. तिच्याशी आपला सामाजिक सुरक्षा करारच नाही, म्हणजे अशी दुहेरी कपात टाळणारा दोन देशांमधला करार. तिथे पगारातून ६.२ टक्के जातात आणि १० वर्षांच्या आत परतलेल्याला सहसा पेन्शन मिळत नाही. पण जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स, जपानशी करार आहेत. ईपीएफओकडून, म्हणजे आपल्या पीएफच्या कार्यालयाकडून, 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' (कपात भारतात चालू असल्याचं प्रमाणपत्र) घेतलं की ठराविक मुदतीपर्यंत तिथली पेन्शनची कपात होत नाही.

मी ऐरोलीत एचआरमध्ये आहे. एका इंजिनिअरचं हे प्रमाणपत्र काढायचं आमच्याकडूनच राहून गेलं. म्युनिकहून त्याने पहिली पगाराची स्लिप पाठवली, तिथल्या पेन्शनच्या ९.३ टक्क्यांच्या आकड्याभोवती पेनाने गोल केलेला. "मॅडम, हे कसले?" एवढंच विचारलं. फार लागलं मनाला. आता व्हिसाच्या फायलीत पहिला कागद तोच लावते.