रोध, विरोध की प्रतिरोध? आणि शक्ती ‘खर्च’ होते का?

प्रश्न

मुलीला धाराविद्युत शिकवताना अडखळलो. विजेच्या वाहण्याला तारेत होणाऱ्या अडथळ्याला तिच्या पुस्तकात ‘रोध’ म्हटलंय. आमच्या बाई वर्गात ‘विरोध’ म्हणायच्या, आणि शोधायला गेलं की ‘प्रतिरोध’ही सापडतो. तिन्ही एकच का?

दुसरं असं, की गणितात १२ व्होल्ट विभवांतर आणि २ अँपिअर विद्युतधारा दिली होती; रोध आणि शक्ती काढायची होती. तिने दोन्हीकडे गुणाकार केला आणि दोन्ही उत्तरं २४ लिहिली. असं का केलंस विचारलं, तर म्हणाली, “जोर जास्त लावला म्हणजे अडथळाही जास्तच असणार ना?” मला तिला नीट समजावता आलं नाही.

प्रतिसाद

राशी एकच, पण मराठीत लिहिताना ‘रोध’च वापरा. ‘रुध्’ म्हणजे अडवणं, त्यावरून रोध. ‘विरोध’ म्हटलं की त्यात कुणाची तरी इच्छा येते. माणूस विरोध करतो, तार करत नाही. ‘प्रतिरोध’ हिंदी पुस्तकांतला रूढ शब्द, तिथून आपल्याकडे येतो. चूक नाही, पण ‘रोध’ असताना त्याची गरजही नाही. ‘रोधकता’, ‘रोधांची एकसर जोडणी’, ‘समांतर जोडणी’ हे सगळे शब्द त्याच्याभोवतीच बसलेले आहेत.

एक गोंधळ मात्र खरा आहे. ‘तारेचा रोध ६ ओहम’ यात रोध ही राशी आहे, आणि ‘६ ओहमचा रोध जोडा’ यात वस्तू. वस्तूला मी सरळ ‘रेझिस्टर’ म्हणतो. तिला ‘रोधक’ म्हणू नये, कारण ‘विद्युतरोधक’ म्हटलं की रबर, प्लास्टिक असले पदार्थ डोळ्यांसमोर येतात.

आता तुमच्या लेकीची चूक. ती मला फार मोलाची वाटते, कारण ती शब्दातूनच आली आहे. ‘अडथळा’ हा शब्द तो मोजायचा कसा ते सांगत नाही. तिला आपला साधा ‘मागे’ द्या: माणसामागे किती, किलोमागे किती. ‘मागे’ आला की भागाकार, हे लहान मुलालाही कळतं. रोध म्हणजे एका अँपिअरमागे किती व्होल्ट लागले. २ अँपिअरला १२ लागले, म्हणजे एकामागे ६. उत्तर ६ ओहम.

शक्तीलाही ‘मागे’च लावा, पण दोनदा. व्होल्ट म्हणजे एका कूलोम प्रभारामागे किती ज्यूल ऊर्जा. अँपिअर म्हणजे एका सेकंदाला किती कूलोम. प्रत्येक कूलोममागे १२ ज्यूल आणि सेकंदाला असे २ कूलोम, म्हणजे सेकंदाला २४ ज्यूल, अर्थात २४ वॅट. इथे गुणाकार का, ते सूत्र न घोकता दिसतं.

प्रतिसाद

‘विभवांतर’वरही थोडं थांबायला हवं. ‘अंतर’ वाचून मुलांना लांबी आठवते. इथे त्याचा अर्थ ‘फरक’ आहे. ‘विभव’ म्हणजे सामर्थ्य, ‘वैभव’ त्यावरूनच आलाय. बोलताना मला ‘विद्युतदाब’ बरा वाटतो. ‘उच्चदाब वाहिनी’ सगळे म्हणतातच. फक्त एक पथ्य पाळायचं: दाब दोन टोकांच्या *दरम्यान* असतो, धारा तारे*तून* वाहते. ‘तारेतून १२ व्होल्ट वाहतात’ हे वाक्य कानावर पडलं की मी तिथल्या तिथे थांबवतो.

प्रश्नकर्ता

‘मागे’ लागू पडला, तिने पुढची चार गणितं स्वतः सोडवली. मनापासून आभार. पण आता म्हणते, रोध वाढला तर शक्ती जास्त खर्च होते की कमी?

प्रतिसाद

आधी क्रियापद बदला. खर्च होते ती ऊर्जा. शक्ती हा त्या खर्चाचा वेग. रोजच्या बोलण्यात ‘माझी सगळी शक्ती खर्च झाली’ म्हणतो, तिथून ही सवय लागते. विजेच्या बिलातलं ‘युनिट’ म्हणजे किलोवॅट-तास, ते ऊर्जेचं माप आहे: १ किलोवॅट वेगाने तासभर, म्हणजे ३६ लाख ज्यूल.

तिच्या प्रश्नाचं उत्तर ‘काय कायम ठेवलं’ यावर आहे. दाब १२ व्होल्टच ठेवून रोध ६ चा १२ ओहम केला, तर धारा १ अँपिअरवर येते आणि शक्ती २४ वरून १२ वॅट होते. पण धारा २ अँपिअरच ठेवायची ठरवली, तर दाब २४ व्होल्ट करावा लागतो आणि शक्ती ४८ वॅट होते. एकाच बदलाची दोन उलटी उत्तरं, आणि दोन्ही बरोबर. प्रश्नात ‘कायम’ हा शब्द शोधायला शिकवा. तो नसेल तर प्रश्न अर्धवट आहे.

प्रश्नकर्ता

आणखी एक. तिने १२ व्होल्ट, २४ वॅटचा तंतूचा दिवा घेतला आणि मल्टिमीटरने रोध मोजला. पाऊण ओहमसुद्धा भरला नाही! गणिताने तर ६ यायला हवा.

प्रतिसाद

मोजमापही बरोबर, गणितही बरोबर. मीटरने मोजला तो थंड तंतूचा रोध. दिवा पेटला की तंतूचा धातू, टंगस्टन, पांढराशुभ्र तापतो आणि रोध कित्येक पटींनी वाढतो. ओहम या शास्त्रज्ञाने १८२७ साली जो नियम प्रसिद्ध केला, त्यात आपण ‘तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना’ असं लिहितो ते यासाठीच. ‘अँपिअरमागे व्होल्ट’ ही रोधाची व्याख्या, ती प्रत्येक क्षणी लागू. तो भागाकार तोच राहतो हे सांगणं म्हणजे नियम, आणि तापणाऱ्या तंतूला तो लागू होत नाही. वहीत तिला ‘दिव्याचा रोध’ असं मोघम न लिहिता ‘पेटलेल्या दिव्याचा रोध ६ ओहम’ असं लिहायला सांगा, आणि खाली थंड दिव्याचा आकडाही.